खोबरेल गोठलं नाही, आता पुढे काय?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून त्या दर महिन्याला खोबरेलाचा पाच लिटरचा कॅन घेतात. कॅनवर चिकटवलेल्या कागदावर 'लाकडी घाण्याचं १०० टक्के शुद्ध खोबरेल' असं छापलेलं असतं. यंदा जानेवारीत शेजारीपाजारी सगळ्यांच्या बाटल्या पहाटे पांढऱ्या पडल्या, यांचं तेल मात्र पाण्यासारखं पातळ. मासे तळताना खोबऱ्याचा वासही येईना. कागदावर कारखान्याचा पत्ता नाही, नुसतं 'गोवा'. बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, "घरच्या माणसाला बिल कसलं?" ताईंचे प्रश्न दोन: हा माणूस तुरुंगात जाईल का, आणि आता आपण काय करायचं?

तुरुंगाचं उत्तर आधी देते: बहुधा नाही. का नाही हे कळलं की दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हातात येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी वकील आहे. २००३ पासून तेल, तूप, दूध, हळद असल्या खटल्यांत उभी राहते, कधी दुकानदाराच्या बाजूने तर कधी ग्राहकाच्या. सुरुवात केली तेव्हा १९५४चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्यात सगळं 'भेसळयुक्त' या शब्दाभोवती फिरायचं. नमुना ठरलेल्या मानकात बसला नाही की तो भेसळयुक्त, आणि गुन्हा शाबीत झाला की सहसा किमान सहा महिने कैद. कागदावर फार कडक होतं ते. प्रत्यक्षात खटले वर्षानुवर्षं चालायचे आणि एवढ्याशा फरकासाठी माणूस आत घालायला न्यायाधीशांचा हात कचरायचा. ५ ऑगस्ट २०११ला तो कायदा गेला आणि २००६चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा अमलात आला. लोकांच्या तोंडी शब्द 'भेसळ'च राहिला, कायद्यात मात्र तो मोडून तीन कप्पे झाले: कमी दर्जाचं, मिथ्याछाप आणि असुरक्षित. तुमचं तेल यांतल्या कुठल्या कप्प्यात पडतं त्यावर सगळं ठरतं.

कमी दर्जाचं म्हणजे मानकात न बसणारं, पण खाल्ल्याने अपाय होईल असं नसलेलं. दंड ५ लाखांपर्यंत, कैद नाही. मिथ्याछाप म्हणजे लेबल खोटं, अपुरं किंवा फसवं. दंड ३ लाखांपर्यंत, कैद नाही. असुरक्षित म्हणजे आरोग्याला घातक. इथेच फक्त तुरुंगाचं दार उघडतं, कलम ५९खाली. कोणाला इजा झाली नसेल तर पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता. २०२३च्या जनविश्वास कायद्याने कैद तीन महिन्यांवर आणली आणि दंड ३ लाखांवर नेला. गंभीर इजा झाली तर सहा वर्षांपर्यंत, मृत्यू झाला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि किमान १० लाख दंड.

खोबरेलात पामोलीन घातलं तर ती लबाडी आहे, चोरी आहे, पण पामोलीन हेही खाद्यतेलच. ते खाऊन कोणी आजारी पडल्याचं सिद्ध करता येत नाही. म्हणून असली प्रकरणं जवळजवळ नेहमी पहिल्या दोन कप्प्यांत जातात. 'असुरक्षित'च्या व्याख्येत स्वस्त पदार्थ मिसळण्याचाही उल्लेख आहे, त्याचा आधार घेऊन काही वकील झुंजतात. पण त्या व्याख्येचं मूळ वाक्य 'आरोग्याला अपायकारक ठरेल इतपत' असं आहे आणि बचाव पक्ष तिथेच पाय रोवून बसतो.

तेलात खरोखर घातक काय असू शकतं? पिवळ्या धोत्र्याचं तेल, खनिज तेल, एरंडेल. १९९८मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं, पाय सुजून, हृदय थकून किमान ६० माणसं दगावली, हजारोंना रुग्णालयात न्यावं लागलं. सुटं तेल विकू नये, बंद आणि लेबल लावलेल्या पाकिटातूनच विकावं, हा आग्रह त्याच वर्षीच्या आदेशातून आला आणि आजच्या नियमांतही तो आहे. राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनी खास सूट दिल्याशिवाय पिंपातून मापाने तेल विकता येत नाही. आठवडी बाजारात आपली बाटली पुढे करून तेल भरून घेणारे आपण सगळेच हा नियम रोज मोडायला हातभार लावतो. मीही लावलाय, उगाच सोवळेपणा नको.

आता प्रयोगशाळेकडे येऊ, कारण ताईंच्या 'गोठलं नाही' या मुद्द्याचा खरा अर्थ तिथे लागतो.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. जानेवारीच्या पहाटे फोंड्यासारख्या आतल्या भागात पारा विशीच्या आसपास उतरतो, म्हणून बाटली पांढरी पडते. आपलं तेल पातळच राहिलं तर संशय रास्त आहे. पण ही खूण एकाच बाजूने चालते. गोठलं म्हणून तेल शुद्ध, असं अजिबात म्हणता येत नाही, कारण पाम कर्नल म्हणजे पामच्या बियांतल्या गराचं तेलही फ्रिजमध्ये तसंच घट्ट होतं. बाजारातला हुशार भेसळवाला खोबरेलात पामोलीन घालत नाही, तो हे घालतो.

आकडे बघा. आयोडीन मूल्य म्हणजे तेल किती आयोडीन शोषतं त्याचं माप. खोबरेलाचं ते ७.५ ते १० असावं लागतं. पामोलीनचं पन्नाशीच्या वर असतं. समजा ८.५ मूल्याच्या खोबरेलात दहा टक्के पामोलीन घातलं, तर मिश्रण तेराच्या वर जातं. प्रयोगशाळेत पहिल्या फेरीतच पकडलं जाणार. ४० अंशांवरचं बी. आर. रीडिंग, म्हणजे तेलातून जाताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, तेही ३४ ते ३५.५ची चौकट सोडून वर जातं. पण पाम कर्नल तेलाचं आयोडीन मूल्य अठराच्या आसपास. आठ मूल्याच्या खोबरेलात ते वीस टक्के घाला, उत्तर येतं बरोबर दहा. म्हणजे पाचवा हिस्सा परका असून तेल आयोडीनच्या परीक्षेत पास! पोलेन्स्के मूल्य, म्हणजे तेलातल्या लहान साखळीच्या, पाण्यात न विरघळणाऱ्या आम्लांचं माप, खोबरेलात किमान १३ लागतं, पाम कर्नलमध्ये ते कमी असतं, पण चांगल्या खोबरेलात मुळात पंधरा-सोळा असलं तर मिश्रण तिथूनही निसटतं. अशा वेळी गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, फॅटी ॲसिडांचा आराखडा काढावा लागतो. लॉरिक आम्ल दोन्ही तेलांत जवळपास सारखंच असतं, म्हणून नजर कॅप्रिलिकसारख्या लहान साखळीच्या आम्लांवर ठेवतात. पाम कर्नलमध्ये ती कमी भरतात. ताई, तुमचं तेल अजिबात गोठलंच नाही याचा अर्थ भेसळवाला आळशी किंवा हावरट असावा. तुमच्या दृष्टीने हे बरंच आहे, कारण असं तेल साध्या चाचण्यांतच सापडतं.

'लाकडी घाण्याचं' हा दावा मात्र अवघड. तेल घाण्यावर काढलं की एक्स्पेलर या दाबयंत्रावर, हे नेहमीच्या चाचण्यांतून सिद्ध होत नाही. ते शोधायचं तर अधिकाऱ्याने उत्पादनाच्या जागी जाऊन घाणा आहे का, खोबरं किती आलं, पेंड किती निघाली, हे बघावं लागतं. जिथे पत्ताच नाही तिथे जाणार कुठे?

आता माझ्याच दोन प्रकरणांची गोष्ट सांगते. पहिलं मी जिंकलं आणि दुसरं हरले, आणि दोन्ही उलट व्हायला हवी होती असं मला अजून वाटतं.

पहिल्यात मी दुकानदाराच्या बाजूने होते. खोबरेलाचा पंधरा किलोचा डबा, आयोडीन मूल्य तेराच्या पुढे, अहवाल अगदी स्वच्छ 'कमी दर्जाचं' असा. पंचनामा वाचला तर तारीख जानेवारीची, वेळ सकाळी साडेआठची. म्हणजे डब्यातलं तेल अर्धं गोठलेलं असणार. मिश्र तेलात घट्ट होणारा भाग आधी खाली बसतो आणि पातळ भाग वर राहतो. वरून पळीने घेतलं तर त्यात पातळ तेल जास्त येणार. नमुना घेण्यापूर्वी डबा गरम करून, ढवळून तेल एकजीव केलं का? पंचनाम्यात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी एवढ्या एका मुद्द्यावर बोलले. नमुना डब्यातल्या तेलाचा प्रतिनिधी आहे असं म्हणता येत नाही, असं ठरलं आणि माझा पक्षकार सुटला. शुद्ध खोबरेल कितीही ढवळलं न ढवळलं तरी तेरा दाखवणार नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. बाहेर आल्यावर त्याने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. मी घेतला नाही, एवढंच.

दुसरं प्रकरण एका खऱ्या घाणेवाल्याचं. बापजाद्यांपासूनचा घाणा, आता मोटरवर चालणारा. तेल सोन्यासारखं, अहवालात एकूण एक मूल्य चौकटीत. पण लेबलवर बॅच नंबर नाही, पोषण माहितीचा तक्ता नाही, मुदतीची तारीख हाताने लिहिलेली आणि पुसट झालेली. मिथ्याछाप. त्याला वाटत होतं, तेल पास झालंय म्हणजे आपण सुटलो. दंड झाला आणि तो त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. अपील करायला तीस दिवस असतात, तो माझ्याकडे चाळिसाव्या दिवशी आला. या कायद्याची ही खोड आहे: कागद चुकलेला प्रामाणिक माणूस चटकन सापडतो आणि कागद नीट ठेवणारा लबाड प्रयोगशाळेच्या फटींतून निसटतो. म्हणून ताई, तुमच्या कॅनवर पत्ता नाही एवढ्यावरून घाणेवाला चोर ठरत नाही. कदाचित तो अडाणी असेल. पण पत्ता नाही आणि तेलही गोठत नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्यावर माझा संशय तुमच्याइतकाच पक्का आहे.

लेबल कसं वाचायचं ते सांगते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक आधी शोधा. पहिला अंक १ असेल तर तो परवाना, २ असेल तर लहान धंद्याची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे: गोव्याचे ०६, कर्नाटकाचे १२, महाराष्ट्राचे १५. म्हणजे 'गोव्याचं गावठी तेल' म्हणून विकलेल्या बाटलीवरच्या उत्पादकाचा क्रमांक ११२ने सुरू होत असेल तर ती घाट उतरून आलेली आहे. त्यात गैर काही नाही, पण मग गोव्याचं म्हणून विकू नये. '१००'ने सुरू होणारा परवाना केंद्राकडून दिलेला असतो. हा क्रमांक प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकला की कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की मुदत संपली, हे दिसतं. कितीतरी वेळा क्रमांक निघतो बेकरीचा आणि चिकटवलेला असतो तेलावर.

काही शब्द खाद्यतेलाच्या लेबलवर लिहायलाच मनाई आहे: 'डबल रिफाइंड', 'सुपर रिफाइंड', 'कोलेस्टेरॉल फायटर', हृदयाला आराम वगैरे. '१०० टक्के' हा शब्दही लेबलवर आणि जाहिरातीत वापरू नका, असं प्राधिकरणाने मे २०२५मध्ये व्यावसायिकांना बजावलं आहे. तुमच्या कॅनवरचा तो आकडा म्हणून तक्रारीत जरूर लिहा. मिश्र तेलाचं वेगळंच. त्यात प्रत्येक तेल किमान वीस टक्के असावं लागतं, कोणतं किती हे लेबलवर द्यावं लागतं आणि ॲगमार्क लागतो. नियमाने मिश्र तेल विकायला हरकत नाही. मिश्र तेल खोबरेल म्हणून विकलं की हरकत.

खोबरेलाला आणखी एक पळवाट आहे आणि ती आपल्याकडे फार चालते. बाटलीवर 'खाद्य' लिहायचं नाही, हिरवा ठिपका द्यायचा नाही, नारळाचं झाड काढायचं, आणि दुकानदाराने ती फोडणीसाठी म्हणून द्यायची. पकडलं तर म्हणायचं, हे केसांचं तेल, तुमच्या कायद्यात येतच नाही. करांसाठी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२४मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की लहान बाटलीत आहे एवढ्यावरून खोबरेल केसांचं तेल होत नाही, तसं लेबल आणि वेष्टन असावं लागतं. तेव्हा खाद्यतेलावर ५ टक्के आणि केसांच्या तेलावर १८ टक्के जीएसटी होता, म्हणून कंपन्यांना हा निकाल मोलाचा. आपल्याला त्यातून एवढं घ्यायचं: हिरवा ठिपका आणि चौदा अंकी क्रमांक नसलेली बाटली स्वयंपाकासाठी घेऊ नका, आणि घेतलीच तर दुकानदार बिलावर काय लिहितो ते बघा.

बिलाचा विषय निघालाच आहे. तुमच्या प्रकरणातली सगळ्यात कच्ची कडी तीच. कायद्याच्या कलम २६प्रमाणे उत्पादक किंवा घाऊक विक्रेत्याने माल देताना लेखी हमी द्यायची असते आणि बिल हीच ती हमी मानली जाते. कलम २७ म्हणतं की आपण माल कोणाकडून घेतला हे ज्या दुकानदाराला दाखवता येत नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावरच. तेल मिथ्याछाप असेल तरीही तो जबाबदार. म्हणजे तुमच्या दुकानदाराकडे खरेदीचं बिल असेल तर तो बोट वर दाखवू शकतो, योग्य ती काळजी घेतली होती असा कलम ८०चा बचाव घेऊ शकतो. नसेल तर तेल ज्याने मिसळलं तो कुठेतरी निवांत बसेल आणि दंड हा भरेल. मी ज्या दुकानदारांसाठी उभी राहिले त्यांतले निम्म्याहून अधिक असेच अडकलेले होते. पाच-दहा रुपये स्वस्त पडतं म्हणून टेम्पोवाल्याकडून रोखीने कॅन उतरवून घेतात आणि पुढे गाडीचा नंबरही आठवत नाही.

आता करायचं काय.

घरात उघडलेला कॅन आहे तो टाकू नका, पण त्याच्या भरवशावरही राहू नका. उघडलेल्या तेलात तुम्हीच काही घातलं नाही कशावरून, हा पहिला प्रश्न येणार. त्याचा उपयोग लेबलसाठी. कागदाचे चारही बाजूंनी नीट फोटो काढून ठेवा.

कायद्याने ग्राहकालाही नमुना तपासून घ्यायचा हक्क दिला आहे, कलम ४०. शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे नमुने तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाकडे, तेल द्यायचं. दोष निघाला तर शुल्क परत मिळतं आणि विश्लेषक अहवाल थेट पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे, पाठवतो. पण अट अशी की खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं, हे मी तपासायला देणार आहे. वाचायला गोड वाटतं. करून बघा, दुकानदार तुम्हाला आतल्या खोलीतला दुसराच कॅन काढून देईल! म्हणून मी पक्षकारांना सांगते, स्वतः हातात काठी घेऊ नका. तक्रार द्या आणि नमुना अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला घेऊ द्या. गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं, मुख्य कार्यालय बांबोळीला आहे, फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर किंवा १८००११२१०० या क्रमांकावरही तक्रार करता येते. तक्रारीत दुकान, कॅनचं माप, बॅच असेल तर बॅच, कधी घेतला, आणि नवा माल कोणत्या वारी उतरतो हे लिहा. शेवटची गोष्ट फार कामाची. माल उतरलेल्या दिवशी अधिकारी आला तर बंद कॅन हाताशी लागतात. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात, नेवऱ्या-करंज्यांसाठी तेल खपतं तेव्हा, तपासण्या एरवीपेक्षा जास्त होतात. तुमची तक्रार त्याआधी पोचली तर बरं.

अधिकारी आल्यावर तो नमुन्याचे चार भाग करतो. एक विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, चौथा दुकानदाराने मागितलं तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. दुकानदाराला तो पटला नाही तर तीस दिवसांत अपील, मग राखीव भाग रेफरल प्रयोगशाळेकडे जातो. तिचा निकाल अखेरचा. नुसत्या दंडाचं प्रकरण असेल तर ते न्यायालयात जात नाही, अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर चालतं. फोंडा तालुका २०१५पासून दक्षिण गोव्यात आहे, त्यामुळे तुमचं प्रकरण मडगावकडे जाईल, पणजीला नाही. पहिल्या सुनावणीपासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे. दंड ठरवताना किती नफा उकळला, किती जणांचं नुकसान झालं, पहिल्यांदाच सापडला की सराईत, हे बघतात. ५ लाख ही कमाल आहे, ती क्वचितच गाठली जाते.

पोलिसांत जाऊन गुन्हा नोंदवा, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. फेब्रुवारी २०२४मध्ये रामनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की असुरक्षित अन्नासाठी कलम ५९ असताना भारतीय दंड संहितेची २७२ आणि २७३ ही कलमं लावता येत नाहीत, खास कायदाच वरचढ. त्या कलमांच्या जागी आता भारतीय न्याय संहितेची २७४ आणि २७५ आली आहेत. तेव्हा ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यात तुमचा वेळ जाईल आणि तोवर दुकानातला माल हलेल.

पैसे परत हवे असतील तर ग्राहक आयोग, तुमच्यासाठी मडगावचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येईल. बिल नसेल तर यूपीआयने पैसे दिल्याची नोंद चालते. रक्कम आणि दुकानाचं नाव तरी दिसतं. रोख दिले असतील तर फार आशा धरू नका.

तेलाच्या मापाचा कायदा वेगळा आहे, खातंही वेगळं, वजन-मापे. एवढंच सांगते की तेल तापलं की पसरतं: सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना सुमारे ८९३. काही कंपन्या ६० अंशांवरचं माप छापून पंचवीसेक ग्रॅम वाचवत होत्या, म्हणून केंद्राने २०२२मध्ये तापमान न लिहिता लिटरबरोबर वजनही द्यायला सांगितलं. आणि ठरावीक मापाचीच पाकिटं असावीत ही सक्ती आता नाही. 'एक किलो' समजून उचललेली पिशवी ८५० ग्रॅमची असू शकते आणि ती बेकायदा नाही. दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, तो बघा.

शेवटी तुमचा तो 'घरचा माणूस'. त्याच्यावर थेट तक्रार करायला मन धजत नसेल तर आधी त्याच्याकडे जा आणि त्याला त्याचं खरेदीचं बिल दाखवायला सांगा. तुम्हाला द्यायचं नव्हे, त्याला मिळालेलं. त्याने ते काढून दाखवलं तर तक्रारीत वरच्या पुरवठादाराचं नाव घाला, तो बचावेल आणि मूळ माणसापर्यंत पोचता येईल. नाही दाखवलं, तर फोटो आणि तक्रार त्याच दिवशी बांबोळीला पाठवा, पुढचा कॅन उतरायची वाट न बघता.